हातमोजे चावतात तेव्हा

नवी चप्पल चावते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. हातमोजा चावतो असे मात्र कुणी म्हटले तर आपण ते हसण्यावारी नेऊ. परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागले की नृसिंहाचे पोखर्णी लागते. त्या गावचे एक शेतकरी दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या दवाखान्यात आले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, फवारणीच्या औषधानं काही होऊ नये म्हणून पोरानं हातमोजे आणून दिले. औषधानं काही झालं नाही, हातमोज्यानंच हात खाल्ले बघा."

हात खरोखरच पाहवत नव्हते. बोटांच्या पाठी सुजलेल्या, त्यांवर बारीक फोडांची दाटी, काही फोड फुटून लस येत होती. पण माझे लक्ष गेले ते मनगटाच्या चार बोटे वर. तिथे कडे घालावे तशी एक सरळ रेषा होती. रेषेच्या खाली कातडी लालभडक आणि वर अगदी स्वच्छ. शरीराच्या आतून येणारा आजार असा पट्टी घेऊन रेषा आखत नाही. अशी रेषा दिसली की बाहेरून काही तरी लागले आहे, आणि ते जिथपर्यंत लागले तिथपर्यंतच आजार आहे, असे समजावे. हातमोज्याची कड नेमकी त्याच जागी येत होती.

त्यांना मी मामा म्हणतो, म्हणून इथेही तसेच म्हणतो. मामांनी आधी औषधाच्या दुकानातून 'नायट्याची ट्यूब' आणून लावली होती. आठ दिवस आराम पडला, मग दुप्पट उसळले. अशा पुष्कळ ट्यूबांमध्ये बुरशीवरच्या औषधाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइडने कोणतीही खाज थोडे दिवस दबते, आणि रोग कोणता हे मात्र झाकले जाते. शेवटी मामांनी सरळ हातमोजे फेकून दिले आणि उघड्या हातांनी फवारणी सुरू केली. खरा धोका इथे होता. फुटलेल्या, चिरलेल्या कातडीतून कीटकनाशक निरोगी कातडीपेक्षा कितीतरी सहज आत शिरते. माझ्याकडे येण्याच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांना रानातच घेरी आली, तोंडाला पाणी सुटले, उलट्या झाल्या. मुलाने मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेले म्हणून निभावले.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हापासून हातमोजे, मुखपट्टी, चष्मा घाला असे गावोगाव सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जे नियम झाले त्यांतही हातमोज्यांचा उल्लेख आहे. पण ज्याच्या हाताला हातमोजाच सोसत नाही त्याने काय करायचे, हे त्याला कुणी सांगत नाही. तो मामांनी केले तेच करतो. आजचा लेख त्यासाठी.

आता हातमोज्यात असे काय असते? रबर मुळात झाडाचा चीक. तो नुसता वाळवला तर उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत तडकतो. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला या चिकात गंधक घालून तापवले असता तो टिकाऊ आणि लवचीक होतो असे आढळले. पण नुसत्या गंधकाने हे काम फार सावकाश होते. म्हणून विसाव्या शतकात कारखानदारांनी ते भराभर उरकणारी रसायने शोधून काढली. थायुराम, कार्बामेट, मर्कॅप्टोबेंझोथायझोल ही त्यांतली मुख्य नावे. आपण त्यांना घाई करणारी रसायने म्हणू. रबर पक्के झाल्यावरही यांचा थोडा अंश त्यात उरतो. हातमोज्यात हात घामेजला की हा अंश हळूहळू बाहेर येऊन कातडीला लागतो. बहुतेकांना त्याचे काहीच होत नाही. काहींच्या शरीराला मात्र त्याचे वावडे जडते.

वावडे जडणे ही गोष्ट एका दिवसात होत नाही. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी पोलिसपाटलासारख्या असतात. गावात कोण नवे आले हे त्या टिपून ठेवतात. एखादे रसायन कातडीतून आत आले की त्या त्याची ओळख पटवून घेतात. याला किमान दहा-पंधरा दिवस लागतात, कधी काही वर्षेही जातात. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी ते रसायन नुसते लागले तरी एक-दोन दिवसांत या पेशी त्या जागी गर्दी करतात, आणि सूज, फोड, खाज सुरू होते. म्हणूनच रुग्ण म्हणतो, "हेच हातमोजे दोन वर्षं वापरले, तेव्हा काही झालं नाही." दोन वर्षे वापरले म्हणूनच तर झाले! शिवाय हातमोजा सोमवारी घातला आणि खाज बुधवारी सुटली, तर दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर आळ येतो.

पण मामांनी हातमोजे दोन वर्षे वापरले नव्हते. ते आणून फार दिवस झाले नव्हते आणि पुरळ पाचव्या-सहाव्या दिवशीच उठले होते. मग इतक्या लवकर वावडे आले कुठून? मी खोदून खोदून विचारले तेव्हा मामी बोलल्या. त्या बाजूलाच पदर सावरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मिरगात बी चोळतानाबी यांच्या बोटाला खाज येती. औंदा येती, गेल्या साली बी आली होती."

आणि कोडे सुटले. सोयाबीन, तूर, ज्वारी यांच्या बियाण्याला पेरणीपूर्वी बुरशीनाशक चोळतात, त्यात थायरमचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी असते. किलोला तीन ग्रॅम हे प्रमाणही अनेकांना पाठ आहे. कार्बोक्झिनबरोबर मिसळलेले थायरमही मिळते. हे थायरम म्हणजे कोण? टेट्रामेथिल थायुराम डायसल्फाइड. रबराच्या कारखान्यातले ते घाई करणारे थायुराम हेच. एकच रसायन, कृषी सेवा केंद्रात ते बुरशीनाशक म्हणून विकले जाते आणि हातमोज्याच्या कारखान्यात रबर पक्के करायला जाते. मामा घमेल्यात बी घेऊन उघड्या हातांनी दरवर्षी थायरम चोळत होते. शरीराने त्या रसायनाची ओळख तिथेच पटवून घेतली होती. हातमोज्यांतून ओळखीचाच पाहुणा पुन्हा दारात आला, एवढेच. मॅन्कोझेब, झिनेब, झायरम ही बुरशीनाशकेही याच घराण्यातली, रबरातल्या कार्बामेटची भावंडे. त्यामुळे भाजीपाला व फळबागवाल्यांनाही ही गोष्ट लागू आहे.

या घराण्याची आणखी एक गंमत सांगतो. गंमत म्हणण्यासारखी ती नाही खरी. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाच्या गोळ्या देतात, त्या थायरमच्या सख्ख्या भावाच्या. १९३७ साली अमेरिकेतील एका कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहिले की, रबरात ही रसायने हाताळणाऱ्या कामगारांना दारू अजिबात सोसत नाही. थायरमच्या बाबतीतही तोच अनुभव आहे. बीजप्रक्रिया करून आलेल्या माणसाने त्या संध्याकाळी दारू घेतली तर चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, मळमळणे असे होऊ शकते. गावात याला 'बाहेरचे लागले' म्हणतात. बाहेरचे खरेच, पण पुडीतले. आणि ज्याला रबराचे असे वावडे सिद्ध झाले आहे त्याला दारू सोडवण्याच्या गोळ्या सुरू करायच्या असतील तर वावड्याची गोष्ट त्या डॉक्टरांना आधी सांगावी.

मामांचा माझा अंदाज खरा की खोटा हे तपासायला हवे होते. त्यासाठी पॅच टेस्ट नावाची चाचणी आहे. जर्मनीच्या ब्रेस्लाऊ शहरातल्या योसेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली ती जगापुढे मांडली. पद्धत आजही बरीचशी तीच आहे. संशयित रसायने अगदी थोड्या, ठरावीक प्रमाणात छोट्या छोट्या वाट्यांत घालून पाठीवर चिकटवतात. अठ्ठेचाळीस तास ठेवतात. त्या काळात पाठ भिजू द्यायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाठ पाहतात. ज्या रसायनाखाली लाली, फुगवटा, फोड उठले ते गुन्हेगार. सुई टोचायची नाही, रक्त काढायचे नाही. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात ही सोय असते. आपल्या देशात नेहमी त्रास देणाऱ्या रसायनांचा भारतीय संचही तयार मिळतो. मी मामांना चिठ्ठी दिली आणि सांगितले, जाताना तो हातमोजा बरोबर न्या. "तो तर उकिरड्यावर टाकला," मामा म्हणाले. मुलाने शोधून आणला. धुतलेल्या हातमोज्याचा एक तुकडाही पाठीवर लावला गेला. थायुरामच्या जागी आणि हातमोज्याच्या तुकड्याखाली, दोन्हीकडे फोड उठले.

इथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हातमोज्यात खाज आली म्हणजे दर वेळी वावडेच असते असे नाही. उलट, बहुतेक वेळा ते नसते. आत घाम साचून कातडी भिजते, चोळली जाते. हातमोज्याला भोक असेल तर औषध आत जाऊन तिथेच कोंडून राहते. हे तर उघड्या हातापेक्षा वाईट, कारण उघडा हात निदान लगेच धुतला जातो. काही जण हात दिवसातून दहा वेळा कपड्याच्या साबणाने धुतात, त्यानेही कातडीतले तेल जाऊन भेगा पडतात. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यांत खाज येते, रात्री वाढते आणि घरातल्या इतरांनाही असते. नायटा बहुधा गोल कडा धरून वाढतो. आपल्याकडचे गाजर गवतही विसरू नका. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेले हे गवत आता बांधाबांधावर आहे. त्याची बाधा हवेतून उडणाऱ्या कणांनीही होते, म्हणून ती चेहरा, पापण्या, मान इथे दिसते. खुरपताना हातमोजे घातले तरी पापण्या सुजल्या, तर दोष हातमोज्यांना देऊ नये.

रबराचे वावडे हातापुरतेच राहते असेही नाही. रबरी चपलेच्या पट्ट्यांखाली पावलावर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा काळपट, खाजरा डाग. गमबुटाच्या वरच्या कडेला पोटरीवर पट्टा. चड्डीच्या इलॅस्टिकखाली कमरेभोवती पुरळ. हाताबरोबर यांतले काही असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. लाजून लपवले तर निदान अर्धेच राहते.

गवंड्यांची गोष्ट निराळी. सिमेंटमध्ये क्रोमियमचे क्षार असतात, त्यांचे वावडे गवंडी लोकांत पुष्कळ आढळते. त्यावर उपाय म्हणून एखादा चामड्याचे हातमोजे घालतो, आणि चामडे कमावण्यासाठीही बहुधा क्रोमियमच वापरलेले असते! आगीतून फुफाट्यात. गवंड्याने रबराचे किंवा प्लॅस्टिकचे घालावेत, चामड्याचे नव्हे.

आतापर्यंत सांगितले ते रसायनांचे, दोन दिवसांनी उठणारे वावडे. रबराच्या चिकात झाडाची प्रथिनेही असतात. त्यांचे वावडे वेगळ्या जातीचे आणि अधिक घातक. हातमोजा घातल्यावर काही मिनिटांतच गांधी उठतात, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, दम लागतो. क्वचित रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. फुगा फुगवताना ओठ सुजणे ही याची घरगुती खूण आहे. अशांपैकी काहींना केळे किंवा पपई खाल्ल्यावर तोंडात खाजते, कारण त्या फळांतली काही प्रथिने रबराच्या प्रथिनांसारखी असतात. एड्सच्या भीतीने १९८७ नंतर जगभर दवाखान्यांत हातमोज्यांचा वापर एकदम वाढला आणि परिचारिका व डॉक्टरांत हे वावडे वाढलेले दिसले. हातमोज्यातल्या भुकटीला ही प्रथिने चिकटून हवेत उडत, म्हणून अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून भुकटीचे वैद्यकीय हातमोजे बंदच केले. असा त्रास ज्याला होतो त्याने शस्त्रक्रियेआधी, दात काढण्याआधी, बाळंतपणाआधी डॉक्टरांना 'मला रबर सोसत नाही' हे स्वतःहून सांगावे. घरच्या घरी हातमोजा पुन्हा घालून खात्री करू नये.

दैवाचा खेळ असा की, शस्त्रक्रियेत रबरी हातमोजा रुळला तो कातडीच्या आजारापायीच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या हिवाळ्यात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने सोलवटू लागले. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. जंतूंचा विचार मागाहून आला. पुढे दोघांचा विवाहही झाला.

मामांकडे वळू. त्यांना मी काय सांगितले ते इथे देतो, इतरांच्या उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, बियाण्याला हात लावायचा नाही. बीजप्रक्रियेचा फिरता ड्रम मिळतो. नाही तर झाकणाच्या डब्यात बी आणि औषध घालून डबा लोळवावा. थायरमऐवजी दुसरे कोणते बुरशीनाशक चालेल हे कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या माणसाला विचारावे. आम्ही डॉक्टरांनी त्यात शहाणपण सांगू नये.

दुसरी गोष्ट हातमोज्यांची. फवारणीसाठी नायट्राइलचे, जाड, मनगटाच्या बरेच वर येणारे हातमोजे चांगले. दवाखान्यात वापरतात ते पातळ, एकदाच वापरायचे हातमोजे या कामाचे नव्हेत. नायट्राइलमध्ये झाडाची प्रथिने नसतात, पण घाई करणारी रसायने त्यातही असू शकतात. अशी रसायने न घालता बनवलेले नायट्राइलचे हातमोजेही निघतात. पाकिटावर तसे लिहिलेले असते. किंमत जास्त पडते आणि बऱ्याचदा मागवून घ्यावे लागतात. मामांच्या मुलाने मागवले. व्हिनाइलच्या, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकच्या हातमोज्यांत रबराची ही रसायने नसतात. भांडी घासायला, धुणे धुवायला ते उत्तम; पण रॉकेलसारख्या द्रावकात विरघळवलेली कीटकनाशके पातळ व्हिनाइलमधून आत उतरू शकतात, म्हणून फवारणीला त्यांचा भरवसा धरू नये. घरकामात व्हिनाइलच्या आत पातळ सुती हातमोजे घातले तर घाम टिपला जातो. ते रोज धुवावेत. फवारणीत मात्र सुती अस्तर औषध शोषून धरते. आत औषध गेले असेल तर ते अस्तर पुन्हा हातात चढवू नये.

हातमोजे काढण्यापूर्वी, हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवावेत, मग काढावेत. डिझेल-रॉकेलने पुसू नयेत. घालण्याआधी पाणी भरून, दाबून भोक पाहावे.

औषधाचे म्हणाल तर मामांना काही दिवस योग्य ताकदीचे स्टिरॉइड मलम दिले आणि ते कधी थांबवायचे हेही लिहून दिले. नंतर रात्री झोपताना व्हॅसलीन किंवा खोबरेल. मात्र रबरी हातमोजा घालण्याआधी तेल-व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर फुगते आणि फाटते. तीन आठवड्यांत हात वरून साफ झाले. वरून साफ दिसले तरी कातडीची मूळ ताकद परत यायला पुढे काही महिने लागतात, तेवढ्यात पुन्हा हयगय केली की पहिले पाढे पंचावन्न. आणि वावडे? ते बहुधा जन्माचे. मामांनी विचारले, "मग इंजेक्शननं जाईल का?" तसे इंजेक्शन नाही. कुणी देतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवावेत.

यंदा मिरगात मी एका लग्नाला पोखर्णीला गेलो होतो. मामांच्या ओसरीवर पत्र्याचा ड्रम दिसला. मुलगा फिरवत होता आणि मामा लांब बाजेवर बसून "हळू फिरव, बी फुटंल" म्हणून ओरडत होते. मामी मात्र शेजारच्यांचे बी घमेल्यात घेऊन हातानेच चोळत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मला कुठं काय होतंय डॉक्टरसाहेब?" त्यांना ड्रमपाशी बसवले.

हाताला असा त्रास असलेल्यांनी डॉक्टरकडे जाताना तो हातमोजा, बियाण्याच्या औषधाचे रिकामे पाकीट आणि आजवर लावलेल्या ट्यूब एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर न्याव्यात. पिशवीवर 'विष' असे लिहावे आणि ती पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.